पोहणारी लेक, अमेरिकेतलं कॉलेज आणि गंगापूर रोडवरचे सल्लागार

आधी निकाल सांगते: पाचपैकी साडेतीन. मुलीच्या वेळा, स्पर्धांचे निकाल, व्हिडिओ, ईमेल ही सगळी कामं या मंडळींनी चोख केली. कॉलेज निवडायचा सल्ला मात्र त्यांनी कॉलेजच्या नावाकडे बघून दिला, मुलीकडे बघून नाही. दीड तारा तिथे गेला. नाव मुद्दाम लिहीत नाही. खेळाच्या जोरावर परदेशात प्रवेश मिळवून देणारे नाशिकमध्ये मोजकेच आहेत आणि मी जे प्रश्न पुढे लिहिलेत ते त्या सगळ्यांनाच विचारायला हवेत.

आमची लेक ब्रेस्टस्ट्रोक पोहते. खासगी सीबीएसई शाळेत बारावीला आहे. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर लहानपणी उन्हाळी शिबिरात उतरली ती बाहेर आलीच नाही. गेल्या वर्षी ज्युनिअर नॅशनलला महाराष्ट्राकडून पोहली. पदक नाही, पण १०० मीटर १:२०.४ मध्ये, तिची आजवरची सर्वोत्तम वेळ. बायोकेमिस्ट्री शिकायचं आणि पोहणं सोडायचं नाही, हे तिने दहावीनंतरच सांगून टाकलं होतं. आपल्याकडे खासगी शाळांतल्या पोहणाऱ्या मुलांचं काय होतं ते तलावावरच्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. अकरावीला जेईई-नीटचे क्लास लागतात, पहाटेची बॅच सुटते आणि बारावी होईतो खांदे उतरलेले असतात. तसं होऊ द्यायचं नव्हतं म्हणून आम्ही गंगापूर रोडवरच्या या सल्लागारांकडे गेलो. 'स्पोर्ट्स पॅकेज'ची फी तीन लाखांच्या घरात, जीएसटी वेगळा, तीन हप्त्यांत.

पहिल्या बैठकीत मोठ्या पडद्यावर सोमदेव देववर्मन आणि तेजस्विन शंकर दाखवले. सोमदेवने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतलं कॉलेज टेनिसचं एकेरी विजेतेपद जिंकलं. तेजस्विनने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत पहिला नंबर मिळवला. दोन्ही खरं आहे, अभिमान वाटावा असं आहे. पण माझी लेक त्या जातकुळीतली खेळाडू नाही, आणि तलावावरची बहुतेक मुलंही नाहीत. ती चांगली आहे, मेहनती आहे, राष्ट्रीय पातळीवर मधल्या फळीत आहे. अशा मुलांसाठी चित्र पूर्ण वेगळं असतं आणि ते आम्हाला त्या दिवशी सांगितलं गेलं नाही.

ते चित्र थोडक्यात असं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना एनसीएए. तिचे तीन विभाग. डिव्हिजन एक आणि दोनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येते. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत देतात. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची आठही विद्यापीठं डिव्हिजन एकमध्ये आहेत, पण तीसुद्धा खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. आणि ज्याने बहुतेक पालक चकित होतात ती गोष्ट म्हणजे एमआयटी, कॅलटेक, शिकागो विद्यापीठ, विल्यम्स, ॲमहर्स्ट ही सगळी डिव्हिजन तीनमध्ये आहेत. म्हणजे 'तीन' म्हणजे तिसऱ्या दर्जाचं असा अर्थ अजिबात होत नाही. खेळाचा दर्जा आणि शिक्षणाचा दर्जा या दोन वेगळ्या शिड्या आहेत.

नामांकित कॉलेजांत खेळाचा उपयोग पैशासाठी कमी, प्रवेशासाठी जास्त होतो. प्रवेशाच्या पद्धतीवरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात कोर्टापुढे जी आकडेवारी आली, तिच्यात कोचने निवडलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. इतरांसाठी ते एक आकडी असतं. म्हणून तिकडच्या महागड्या खासगी शाळांतले पालक मुलांना रोइंग, स्क्वॉश, फेन्सिंग शिकवायला धावतात. आणि म्हणूनच आपल्याकडचे सल्लागार आता 'खेळ म्हणजे मोठ्या नावाची किल्ली' असं विकायला लागलेत. किल्ली आहेच. पण कोच 'हा खेळाडू मला हवा' म्हणाला तरच.

आता ज्या कामासाठी मी या मंडळींना मनापासून दाद देते ते सांगते. ऑफिसात एक तरुण मुलगी आहे, स्वतः वॉटरपोलो खेळलेली. दुसऱ्या बैठकीला तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि स्विमक्लाउड उघडलं. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेज संघातल्या प्रत्येक मुलीच्या वेळा तिथे दिसतात, कोण कुठल्या वर्षाला आहे तेही दिसतं. तिथली कॉलेजं २५ यार्डांच्या तलावात पोहतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, शिवाय जास्त वेळा वळायला मिळतं आणि ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना प्रत्येक वळणानंतर पाण्याखालच्या लांब ओढीचा फायदा होतो. लेकीचे १:२०.४ तिकडे साधारण १:१० होतात. तिने वहीत ही वेळ लिहिली आणि एकेका कॉलेजचं पान काढून त्याच्याशेजारी तिथल्या ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलींच्या वेळा मांडत गेली. "ही शेवटच्या वर्षाला आहे, ही तू जायच्या आधी बाहेर पडेल. ही राहील. मग तू इथे दुसरी." एका कॉलेजपाशी थांबून म्हणाली, "इथे तू पाचवी. पाचवीला मोठ्या स्पर्धेला नेत नाहीत." लेक गप्प झाली, पण मला त्या मुलीचं फार बरं वाटलं. तीन लाखांतलं निम्मं काम त्या तासाभरात झालं असं मी मानते. तुमचे सल्लागार हे पान उघडून दाखवत नसतील तर उठून या.

ईमेलही त्यांनी नीट शिकवले. लिहून दिले नाहीत, लेकीकडून लिहून घेतले, हे विशेष. पहिल्या दोन ओळींत वेळा, जन्मवर्ष, बारावी कधी संपते, बोर्ड कोणतं, काय शिकायचंय. खाली फेडरेशनच्या अधिकृत निकालाची लिंक. व्हिडिओत संगीत नको, नाव पडद्यावर नाचवणं नको. सुरुवातीची उडी, एक पूर्ण लांबी बाजूने, वळण आणि पाण्याखालची ओढ, बस. आमच्या कोच सरांनी तो जानेवारीतल्या एका सकाळी फोनवर काढला. नाशिकचा पारा तेव्हा दहाच्या खाली, पाण्यावर वाफ, आणि व्हिडिओत लेकीचा श्वास धुरासारखा दिसतो. एका कोचने उत्तरात पहिलं वाक्य त्याच्याबद्दलच लिहिलं होतं.

वेळापत्रकाबद्दलही त्यांनी योग्य जाणीव करून दिली. डिव्हिजन एकचे पोहण्याचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात, आणि तिकडची चांगली मुलं अकरावीतच ठरून जातात. आपल्याकडे तेव्हा कुठे पालक विचार करायला लागतात. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेत कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती मान्य केलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी संघातल्या जागांनाच मर्यादा आली. त्यामुळे डिव्हिजन एकमध्ये मधल्या फळीतल्या मुलांना शिरकाव आणखी अवघड झाला. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी लपवलं नाही.

मग यादी करायची वेळ आली आणि सगळं बदललं. वरिष्ठ सर खोलीत आले. त्यांच्या मागच्या भिंतीवर मुलांचे फोटो आणि खाली विद्यापीठांची चिन्हं आहेत. ती भिंत म्हणजे त्यांची पुढच्या वर्षाची जाहिरात, हे मला व्यवसायामुळे चटकन कळतं. मी सीए आहे, लोक कशावर पैसे कमावतात ते बघणं हेच माझं काम. आमच्यापुढे दोन कॉलेजं उरली होती. एक मॅसॅच्युसेट्समधलं, लहान पण फार मोठ्या नावाचं. तिथे लेकीच्या प्रकारातली सर्वांत हळू मुलगी १:०६ पोहते. कोचने सभ्यपणे लिहिलं होतं की अर्ज जरूर करा, पण प्रवेश समितीकडे मी शब्द टाकू शकणार नाही. प्रवेश मिळालाच तर संघाच्या चाचणीला या. दुसरं पेनसिल्व्हेनियातलं. चांगलं कॉलेज, विज्ञानाचा विभाग मजबूत, पण क्रमवारीत बरंच खाली. तिथल्या कोचला लेक हवी होती. त्यांची १:०९वाली मुलगी शेवटच्या वर्षाला होती, नंतरची १:१२. म्हणजे मेडली रिलेत (चौघींनी मिळून चार प्रकार पोहायची शर्यत) ब्रेस्टस्ट्रोकचा टप्पा पहिल्याच वर्षी आमच्या लेकीकडे येण्याची शक्यता. शिवाय जुलैमध्ये तिचे मार्क प्रवेश समितीकडून आधीच तपासून घ्यायची तयारी.

सरांचं मत स्पष्ट होतं. "मॅडम, पोहणं चार वर्षांत संपेल, नाव आयुष्यभर राहील." पहिल्या कॉलेजला बांधील अर्ज करा (म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं), निबंधात खेळ वापरा, संघात घेतलं नाही तर क्लबमध्ये पोहेल.

हे वाक्य हलकं नाही. मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. पोहणं चार वर्षांत संपेल हे खरंच. ऑलिंपिकला ती जाणार नाही, पोहण्यावर पोट भरणार नाही. पण ती चार वर्षं कोणती? अठराव्या वर्षी घर सोडून, बारा हजार किलोमीटरवर, बर्फात, एकटी राहायची तीच चार वर्षं. तिथे रोज सकाळी सहाला कुणीतरी तिची वाट बघणार आहे की नाही, ती आली नाही तर खोलीचं दार ठोठावणार आहे की नाही, हे मला क्रमवारीतल्या तीस-चाळीस जागांपेक्षा मोठं वाटतं. संघ म्हणजे जेवायला बरोबर बसणारी वीस-पंचवीस माणसं पहिल्या आठवड्यापासून. हॉस्टेलला राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, पहिलं सत्र कशावर निभावतं ते.

आणि नाव कुणासाठी, हाही प्रश्न आहे. घरात चर्चा झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हार्वर्ड नाही का मिळणार?" नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, ही दोन्ही नावं कधी कानावर आली नाहीत हो." दोन्ही! मॅसॅच्युसेट्सच्या ज्या कॉलेजासाठी सर आग्रह धरत होते, ते अमेरिकेतल्या प्राध्यापकांना आणि कंपन्यांना माहीत आहे, पण नाशिकमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. आपल्याकडे प्रतिष्ठेची यादी हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी इथे सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणजे नातेवाइकांसाठी नाव घ्यायचं म्हटलं तरी ते मिळत नव्हतंच. उरला पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार. लेकीला पुढे पीएचडी करायची आहे. त्यासाठी पदवीच्या काळात प्रयोगशाळेत प्राध्यापकाबरोबर काम, चांगले मार्क आणि शिफारसपत्रं लागतात. लहान कॉलेजात हे तिसऱ्या वर्षापर्यंत मिळतं का, हे आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या विभागाला ईमेलवर विचारलं. उत्तर आलं, नावानिशी, गेल्या वर्षी कुणी काय केलं त्यासह.

पैशाचा भाग लवकर आटपते. मॅसॅच्युसेट्सचा सगळा खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी साडेशहात्तर लाख. ते कॉलेज परदेशी मुलांनी आर्थिक मदत मागितली की प्रवेश देताना तेही विचारात घेतं. सगळी तशी नसतात. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि पुढची पूर्ण गरज भागवतात. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर खर्चाचा अंदाज काढायचं साधन असतं, ते पॅकेजमध्ये कुणी उघडून दाखवलं नाही, मी स्वतः बसून भरलं. पेनसिल्व्हेनियाने गुणवत्तेची स्कॉलरशिप धरून ५२ हजारांचा आकडा दिला, म्हणजे ४४ लाख. ह्यांचा अंबडला मशिनिंगचा कारखाना आहे, थोडं कर्ज, थोडी बचत करून जमण्यासारखं.

याच टप्प्यावर एक गोष्ट झाली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या कॉलेजच्या अर्जात लेकीची वेळ 'थोडी उतरवून' लिहू, असं सर सहज बोलून गेले. १:१८ लिहा, सराव स्पर्धेतली म्हणा, कोण बघतंय. मी तिथेच थांबवलं. २०१९ मध्ये अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं प्रकरण उघडकीला आलं. कधी होडी न वल्हवलेल्या मुलांना रोइंगचे खेळाडू दाखवून, कोचना पैसे चारून त्याने मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळवून दिले होते. पालक तुरुंगात गेले, सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. दोन सेकंदांची गोष्ट आहे असं कुणी म्हणेल. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन सेकंद म्हणजे माझ्या लेकीच्या दोन वर्षांच्या पहाटा आहेत. तिने जे पोहलंय तेच तिच्या नावावर राहील. सरांनी विषय लगेच सोडला आणि पुन्हा काढला नाही, हेही नोंदवते.

शेवटी निर्णय तिनेच घेतला. पेनसिल्व्हेनियाच्या कोचशी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल होता, तिकडे दुपारचे बारा. आम्ही दोघं कॅमेऱ्याबाहेर बसलो होतो. तिने विचारलं, बायोकेमिस्ट्रीची लॅब दुपारी असते आणि सरावही दुपारी, मग काय करायचं? कोच म्हणाल्या, लॅबच्या दिवशी सकाळी सहाला ये, तुझ्यासारख्या आणखी तिघी येतात, मी असते. मग तिने विचारलं, माझा खांदा गेला तर? संघात राहशील, वेळ घेशील, बरी झालीस की पोहशील, आणि स्कॉलरशिप पोहण्याची नसल्यामुळे तिला धक्का लागत नाही. डिव्हिजन एकमध्ये नियमाने आठवड्याला २० तास खेळाचे धरलेले असतात आणि प्रवास वगैरे मिळून प्रत्यक्षात जास्तच होतात. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना तिथे विषय बदलायची वेळ येते, हे आम्हाला त्या वॉटरपोलोवाल्या मुलीनेच सांगितलं होतं. कोचनंतर संघातल्या दोन मुली बोलल्या, त्या वेळी आम्हाला लेकीने खोलीबाहेर घालवलं. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मला इथेच पोहायचंय." बांधील अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला, डिसेंबरमध्ये प्रवेश मिळाला.

एकाच बाबतीत मी उलट सल्ला देईन. मूल खेळाला कंटाळलंय आणि फक्त पालकांच्या हौसेखातर पाण्यात उतरतंय, तर मोठ्या नावाच्या कॉलेजला साधा अर्ज करा आणि खेळाला सुखाने निरोप द्या. पहाटे पाचला हिवाळ्यात अंग ओढत नेणाऱ्या मुलाला संघ तारत नाही. आणि पैशाची खूपच ओढाताण असेल तर आपल्याकडचे रस्तेही बघा, ज्यांचा या पॅकेजमध्ये एका ओळीनेही उल्लेख नव्हता. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्यात, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यावं लागतं आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळवलेलं असावं लागतं. लेकीच्या तलावावरचाच एक मुलगा सध्या त्याच तयारीत आहे, क्लासही चालू आणि पहाटेची बॅचही.

या सल्लागारांकडे जायचं असेल तर जरूर जा. पण पूर्ण पॅकेजऐवजी आकडेवारी, व्हिडिओ आणि ईमेल एवढंच मागा. आम्ही मागितलं असतं तर निम्म्या फीत झालं असतं असं नंतर कळलं. एनसीएएचं खेळाडूची पात्रता तपासणारं, पैसे भरून घ्यायचं खातं लगेच उघडायला सांगतील. तुमच्या यादीत डिव्हिजन एक-दोन नसेल तर आधी फुकटचं प्रोफाइल खातं उघडा, बाकीचं कॉलेज सांगेल तेव्हा बघा. वेळा, निकाल, निबंध यांत काहीही बदल तुमच्या सहीशिवाय होणार नाही, हे करारात घालून घ्या. आणि शेवटचा हप्ता प्रवेशाच्या पत्राशी जोडलेला असेल, तर तो कोणत्या कॉलेजच्या पत्राशी हेही लिहून घ्या. आमच्या करारात 'टॉप ५० कॉलेज' असं होतं, त्यावरून सरांशी ईमेलची बरीच देवाणघेवाण झाली आणि अखेर तो हप्ता त्यांनी निम्मा केला.